बटणाचा मान

समजा, तुमच्यासमोर एक संगणक आहे. बटण दाबलं की आतला पंखा घुरघुरतो, पडद्यावर बनवणाऱ्याचं नाव येतं, मग निळी खिडकी येते, तिच्याखाली पांढरे ठिपके गोल गोल फिरतात. आणि तुम्ही खुर्ची पुढे ओढून बसणार, तेवढ्यात पडदा काळा होतो. नुसता काळा. ना चूक सांगणारी ओळ, ना बाण. काय कराल? ज्याला थोडंफार कळतं तो सांगेल, पडद्याला चित्र पुरवणारा एक छोटा प्रोग्रॅम आत असतो, त्याला डिस्प्ले ड्रायव्हर म्हणतात, तो बिघडलाय. मशीन सेफ मोडमध्ये सुरू करा, म्हणजे ते कमीत कमी गोष्टींवर चालेल. मग तो ड्रायव्हर काढून टाका आणि पुन्हा सुरू करा. वीस मिनिटांचं काम आहे.

आता यात एवढीच भर घाला. त्या मशीनचं बटण तुम्ही दाबायचं नाही. ते दाबायचा मान गावातल्या पाच घराण्यांचा आहे. महिन्याला एकेकाची पाळी. आणि ज्याची पाळी आहे त्याने उभ्या आयुष्यात माउसला हात लावलेला नाही.

आता सांगा, किती मिनिटं लागतील?

आमच्या खाजणवाडीत हे काम शर्मिष्ठा वराडकर यांनी केलं. मी त्यांना बाई म्हणतो, कारण मी त्यांच्याकडे टायपिंग शिकलो. मालवणात भरड नाक्यावर एका माडीवर त्यांचा क्लास होता. सव्वीस वर्षं. आधी खडखडणारे टाइपरायटर, मग बारा संगणक. खाऱ्या वाऱ्याने त्या बाराही यंत्रांचे स्क्रू गंजले होते आणि बाई दर पावसाळ्यानंतर ते एकेक काढून पुसत. लग्न केलं नाही. गावात त्याची कारणं सांगणारे पुष्कळ. बाईंचं कारण एका वाक्यात संपतं : "बघूक येणारे सगळे माका चूल पेटवूक येता काय ता इचारीत. मिनिटाक साठ शब्द टाइप करतंय, ता एकानूय इचारूक नाय."

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, अंगठ्याने टाइप करणाऱ्यांना दहा बोटं शिकायची गरज वाटेना, आणि क्लास बंद झाला. बाई गावात परतल्या. चोपन्न वर्षांची, सरकारी पेन्शन नाही, नवरा नाही, आणि तोंड मात्र धारदार, अशी बाई गावात परतली की गाव तिला एखादं फुकटचं काम देऊन टाकतो आणि त्याला सेवा म्हणतो. बाईंना देवस्थानाचं टायपिंग मिळालं.

देवस्थानाकडे संगणक आला होता मुंबईच्या आमच्या ग्राममंडळाकडून. सहा वर्षं झाली. मंडळाने फक्त डबा दिला, पडदा दिला नाही. पडदे घरोघरी आहेत, टीव्हीला जोडा म्हणाले. डबा देवळात ठेवायचा तर तिथे एकच प्लग, आणि त्यावर भजनाचा माइक. मग तो कुठे ठेवायचा यावर तीन संध्याकाळी सभा चालली. चौथ्या संध्याकाळी निर्णय झाला की देवीच्या दागिन्यांची पेटी जशी मानकऱ्यांच्या घरी पाळीने फिरते, तसा संगणकही फिरेल. ज्याची पाळी त्याच्याकडे डबा, आणि ज्याच्याकडे डबा त्याला बटणाचा मान. आंघोळ करून, नारळ ठेवून सुरू करायचा. संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी बंद करायचा.

हे सगळं मी कौतुकाने सांगतोय असं कुणाला वाटू नये. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या वायरी उपसायच्या, डबा रिक्षात घालून पुढच्या घरी न्यायचा, तिथल्या टीव्हीला खुपसायचा. एका घरी जुना चौकोनी टीव्ही, दुसऱ्या घरी भिंतभर रुंद. प्रत्येक वेळी बिचारं यंत्र नव्या आरशात बघून आपण कोण ते ठरवत बसायचं. पुढच्या बाजूला पेन ड्राइव्ह लावायची दोन भोकं होती. पैकी एकात पहिल्याच पूजेला हळद-कुंकू गेलं, ते कायमचं मेलं. हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीवर झेंडूचा हार. पासवर्ड डब्यावरच मार्करने लिहिलेला, म्हणजे कुणी विसरू नये. आणि ठराव क्रमांक सात : देवस्थानाची कोणतीही वस्तू अथवा तिचा अंश गावाच्या शिवेबाहेर जाणार नाही. म्हणून दुसरं भोक जिवंत होतं, तरी पेन ड्राइव्ह लावायला मनाई.

बाईंचं काम पत्रं, पावत्या, इतिवृत्त टाइप करणं. टाइप करायला मान लागत नाही, कारण ते काम आहे. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, त्या पाळीवाल्याच्या घरी जाऊन पडवीत बसायच्या. मानकरी आंघोळ करून, धोतर सावरत येऊन बटण दाबेपर्यंत थांबायच्या. एकदा एका मानकऱ्याला कुडाळला लग्नाला जायचं होतं, तर तो पहाटे बटण दाबून गेला आणि दिवाबत्तीच्या आधी धावत परत येऊन त्याने ते बंद केलं. दिवसभर यंत्र एकटंच चालू होतं. नियम मोडला नाही.

पण बाईंनी त्या गुरुवारांमध्ये एक दुसरंच काम केलं होतं, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते.

देवस्थानाच्या जुन्या वहीत गावातल्या सगळ्या घरांची वंशावळ आहे. पुरुषांची. पणजोबा, आजोबा, बाप, मुलगा. मुलींचं नाव नाही, कारण मुली दिल्या जातात. लग्नात त्यांचं नाव बदलतं आणि मग जुनं नाव फक्त तिच्याबरोबर आंब्याखाली खेळलेल्या बायकांना आठवतं. जत्रेला माहेरवाशिणी येतात, ओटी भरतात, जातात. कोण आली, कोण यायची थांबली, याची नोंद नाही. बाईंनी ती करायला घेतली. काम आटोपलं की ज्या घरी पाळी असेल त्या आवाठातल्या, म्हणजे वाडीतल्या, म्हाताऱ्या बायकांना बोलवायच्या आणि विचारायच्या : तुझ्याबरोबरची कोण? माहेरचं नाव काय? कोणाची मुलगी? कुठे दिली?

आधी त्या वहीत लिहून घेत. पण वही दिसली की म्हाताऱ्या गप्प. "लिवान कित्याक घेतंस गो? कोर्टात देतलंस?" मात्र टीव्हीवर मोठ्या अक्षरात नाव उमटायला लागलं की त्यांच्या अंगात यायचं. "तसा नाय गो, ती काशी नाय, ती काशीबाई. आवस-बापूस तिका काशीबाई म्हणानच हाक मारीत. बाई घाल फुडे." वही बाजूला पडली. सगळं थेट यंत्रात.

सहा वर्षांत सहाशे बारा नावं झाली. नुसती नावं नाहीत. शेवटच्या रकान्यात बाईंनी म्हातारी जे बोलली ते तसंच टाइप केलं. एक मुलगी आंबोलीला दिली, तिचं एकच पत्र आलं : हंय लुगडी सुकनत नाय, चुलीवर धरूची लागतत. एक विजयदुर्गाला दिली, तिचा नवरा गलबतावर गेला तो आला नाही, आणि ती दर जत्रेला दोन ओट्या भरायची, एक स्वतःची, एक सासूची. एकीच्या पुढे फक्त एवढंच : गोड गायची. सांगणाऱ्यांपैकी अकरा म्हाताऱ्या आता नाहीत. म्हणजे ती माणसंही गेली आणि वहीही नाही. जे होतं ते त्या डब्यात, डेस्कटॉपवर, एका फाइलमध्ये.

आणि दुसरी प्रत नाही. मी बाईंना हे विचारलं तेव्हा त्या माझ्यावर नाही, स्वतःवरच चिडल्या. "सव्वीस वर्सां पोरांका सांगितलंय, दोन जाग्यार ठेवा. आणि ठराव सात म्हणान स्वता गप रवलंय. गाढवीण मी." मला त्यांचं म्हणणं पटलं. मूर्ख नियम प्रामाणिकपणे पाळण्याइतका मूर्खपणा दुसरा नाही.

त्या महिन्यात पाळी बाबा राऊळांकडे आली. बाबा म्हणजे पाचांतला पहिला मान. वय सत्तर, आवाज खणखणीत, मिशीला तेल. त्यांच्याकडे त्रेचाळीस इंची टीव्ही. त्यांचा पुतण्या सुशांत मुंबईहून आठ दिवसांच्या सुट्टीवर आला होता. टीव्हीला जोडलेला डबा बघून त्याला त्यावर गेम खेळायची हुक्की आली. गेम अडखळायला लागला, तेव्हा त्याने आपल्या मोबाइलचं इंटरनेट जोडून कुठूनतरी डिस्प्ले ड्रायव्हर उतरवला. भलत्याच मॉडेलचा. यंत्राने विचारलं, घालू का? तो हो म्हणाला. पुन्हा सुरू करा असं आलं, तोवर बस गाठायची वेळ झाली होती. तो सगळं तसंच सोडून मुंबईला गेला. संध्याकाळी बाबांनी रिवाजाप्रमाणे बटण दाबून यंत्र बंद केलं.

गुरुवारी बाबांनी आंघोळ करून बटण दाबलं. ठिपके फिरले. पडदा काळा.

पुढचे दोन दिवस कुणी पडद्याचा विचार केला असेल तर शपथ. चर्चा ही, की ओवळ्याने कुणी हात लावला का. घरातल्या सुनांची चौकशी झाली. पुतण्याची नाही, कारण तो इंजिनियर आहे आणि शिवाय मुलगा आहे. मग नारळ बदलून बघितला. मग डब्याचं तोंड पूर्वेला केलं. काळा पडदा पूर्वेलाही काळाच राहिला, तेव्हा सावंतवाडीहून संगणक दुरुस्त करणारा बोलावण्यात आला.

सर्वेश त्याचं नाव. पाठीवर बॅग, कानात इअरफोन. बाबांच्या पडवीत पाचही मानकरी खुर्च्यांवर, बाई कडेच्या बाकावर. मी बाईंना सोडायला गेलो होतो तो खिडकीपाशी उभा राहिलो. सर्वेशने बाबांना बटण दाबायला लावलं, काळा पडदा बघितला आणि अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल. तासाभरात नवीन करून देतो."

"म्हणजे नेमक्या काय जातला?" बाईंनी विचारलं.

"सी ड्राइव्हवरचं सगळं जाईल मॅडम. डेस्कटॉप वगैरे."

"डेस्कटॉपवर यादी आसा. सहाशे बारा नावां."

"मग डबा उघडून डिस्क काढावी लागेल. दुसरीकडे लावून कॉपी करतो."

"उघडून?" बाबा खुर्चीवरून पुढे सरकले. "देवीच्या यंत्राचा पोट फाडतलंस? ता जमाचा नाय."

"फॉरमॅटला उघडावं लागत नाही," सर्वेश म्हणाला.

"मगे ता कर."

मी हे माझ्या कानांनी ऐकलं. आतलं सगळं पुसायला हरकत नाही, बाहेरचे चार स्क्रू मात्र पवित्र.

"बाबानू," बाई शांतपणे म्हणाल्या, "विंडोज जिता आसा. बगा." त्यांनी की-बोर्ड जवळ ओढला आणि मोठ्या अक्षरांची कळ दाबली. कळीवरचा दिवा लागला. पुन्हा दाबली, विझला. मग चार कळा एकदम दाबल्या. डब्यातून बारीक टुक असा आवाज आला. "चित्र परत सुरू कर म्हणान सांगितल्यार तो असो आवाज करता. आयकता म्हणजे जिवंत आसा. फक्त तोंड दाखवणा नाय. पडद्याचो ड्रायव्हर बिघाडलो हा, बाकी काय नाय."

"मॅडम, ते असं सोपं नसतं," सर्वेश हसला. त्याच्या हसण्यात दया होती. मला ती जास्त लागली. "तुम्ही टायपिंग शिकवायचात ना?"

"व्हय. आणि तू कोणाकडे शिकलंस रे? मागच्या दिवाळीक?"

एक मानकरी खोकला. बाबांनी हात वर केला. "वाद नको. फॉरमॅट करूचो, हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा." पाचही मानकऱ्यांचे हात वर गेले. एकाने दोन्ही वर केले, तो आळस देत होता. बाईंना हात नाही, कारण बाई सभासद नाहीत, सेवेकरी आहेत. ठरलं. तेवढ्यात आतून सुरमईचा वास आला आणि सर्वेशला जेवायचं निमंत्रण मिळालं. फॉरमॅट तीन वाजता, असं ठरवून सगळे जेवायला पांगले.

बाई बाकावरून उठल्या नाहीत. त्यांच्याकडे तीन वाजेपर्यंतचा वेळ होता.

मार्ग त्यांना ठाऊक होता. हे विंडोज सुरू होताना दोन-तीनदा मध्येच बंद पडलं, तर पुढच्या वेळी ते स्वतःच काहीतरी बिघडलंय म्हणून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतं. तिथून सेफ मोडला जाता येतं. म्हणजे काम एवढंच : सुरू करायचं, ठिपके दिसले की झटक्यात बंद पाडायचं, पुन्हा सुरू करायचं. अडचण एकच. सुरू करायचं बटण बाबांचं.

बाबा जेवून, पान खाऊन पडवीत आले, तेव्हा बाईंनी त्यांना सरळ सांगितलं.

"बाबानू, तुमी बटण दाबा. मी बंद पाडतंय. परत तुमी दाबा."

"बंद करूचो मान पण माझोच."

"बटणान बंद करूचो मान तुमचो. मी बटणाक हात लावणंय नाय. मी भिंतीवरच्या बोर्डाचो खटको बंद करतंय. बोर्डाचो मान खंयच्या वहीत आसा ता दाखवा."

बाबा विचारात पडले. मानाचं गणित या लोकांना पाठ असतं, आणि त्यात बोर्ड नव्हता. रोज सून त्या बोर्डावर मिक्सर लावते.

"पण चालू यंत्र असा मारूचा म्हणजे..."

"तीन वाजता पुरा मारतलास ना? मगे आता जरा धक्को दिलो तर काय?"

"देवीक गाऱ्हाणा घालूक होया पण."

"घाला. तीनदा घाला. माका घाई आसा, देवीक नाय."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. बाबा नारळ हातात घेऊन डब्यासमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. "बा देवी सातेरी, बारा वेशीच्या म्हाराजा! आज ह्या तुझा यंत्र आडला हा. कोणाची नजर लागली आसात, कोणाचो हात लागलो आसात, तां सगळा बाजूक सारून यंत्राक वाट दाखय रे म्हाराजा!" जेवून परतलेल्या दोन मानकऱ्यांनी सवयीने साथ दिली, "व्हय म्हाराजा!" बाबांनी बटण दाबलं. निळी खिडकी. ठिपके. बाईंनी खटका खाली केला. अंधार.

पुन्हा खटका वर. पुन्हा गाऱ्हाणं, थोडं लहान. बटण. ठिपके. खटका.

तिसऱ्या वेळी बाबांना दम लागला होता आणि गाऱ्हाणं एका ओळीत आटोपलं. बटण दाबलं. ठिपके फिरले, आणि त्यांच्याखाली इंग्रजी अक्षरं आली. स्वयंचलित दुरुस्तीची तयारी चालू आहे, असं यंत्र सांगत होतं. मग सगळा टीव्ही निळा झाला.

"इला!" एक मानकरी ओरडला. "बाबानू, तिसऱ्या गाऱ्हाण्याक इला!"

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांची दहा बोटं की-बोर्डवर होती. समस्या शोधा. पुढचे पर्याय. सुरुवातीच्या सेटिंग. पुन्हा सुरू करा. एवढ्याला बटण लागत नाही, यंत्र स्वतःच बंद होऊन स्वतःच सुरू होतं. बाबा अस्वस्थ झाले, पण आक्षेप कुणावर घ्यायचा ते त्यांना सुचेना. आकड्यांची यादी आली. बाईंनी चार दाबला.

आणि टीव्हीवर चित्र आलं. सेफ मोडमधलं, म्हणजे बटबटीत, सगळी अक्षरं फुगलेली, चारही कोपऱ्यांत सेफ मोड लिहिलेलं. बाईंनी डब्यावरचा पासवर्ड टाइप केला. उपकरणांच्या यादीत गेल्या, पडद्याच्या ओळीवर उजवी क्लिक केली, काढून टाका म्हटलं, आणि खालच्या चौकोनात खूण केली, म्हणजे ती भलती फाइल मुळासकट जावी आणि पुन्हा डोकं वर काढू नये. शेवटी माउसने पुन्हा सुरू करा.

निळी खिडकी. ठिपके. पडदा क्षणभर काळा झाला आणि उजळला. कोपऱ्यातली अक्षरं गेली होती. डेस्कटॉप होता. त्यावर एक फाइल. माहेरवाशिणी.

सर्वेश दोनच्या सुमारास डुलकी काढून डोळे चोळत आला. टीव्हीकडे बघितलं. "हां, मी पण सेफ मोडच ट्राय करणार होतो," म्हणाला. बाईंनी त्याला बाकावर जागा करून दिली. "बस. उभ्यान खोटा बोलल्यार पाय दुखतत."

बाईंनी फाइल उघडली. पहिलं पान, शेवटचं पान. सहाशे बारा. मग त्यांनी दुसरं काहीच न बोलता पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि जिवंत भोकात लावला. ठराव सात अचानक कुणालाच आठवेना. बाबांना आठवला असावा, पण तेवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या.

अक्का म्हणजे बाबांची बायको. घरात बोलत नाहीत. त्यांना बोलायला बाबा जागा ठेवत नाहीत. ट्रे टेबलावर ठेवून त्या टीव्हीकडे बघत राहिल्या. पडद्याचं चित्र अजून मोठंच होतं, एकेक नाव हातभर.

"शर्मिष्ठा, श काढ गो," अक्का म्हणाल्या.

"अक्का, नंतर बगूया..."

"आता काढ."

बाईंनी यादी खाली सरकवली. श आला. त्रेचाळीस इंची पडद्यावर, सगळ्या पडवीला वाचता येईल असं :

शेवंती. राऊळांची धाकटी. कोणी दिली नाय, आपणान गेली. सावंतवाडीक रवता. बाजारात भाजी घेताना दिसता. माका बघून हसता.

हे अक्कांनी सांगितलं होतं, एका गुरुवारी, बाबा झोपलेले असताना. शेवंती बाबांची सख्खी बहीण. पस्तीस वर्षांपूर्वी ती स्वतःच्या मनाने लग्न करून गेली. गावात बाबांनी सांगितलं होतं की ती तापाने वारली. तिच्या नावाने त्यांनी दिवसही केले होते. पडवीतल्या कुणालाच या ओळीत नवीन काही नव्हतं, सगळ्यांना ती जिवंत असल्याचं ठाऊक होतं. फक्त ते असं लिहिलेलं कुणी कधी बघितलं नव्हतं.

सगळे बाबांकडे बघत होते आणि कुणीच बघत नसल्यासारखं करत होते. बाबांनी ओळ वाचली. शेवटपर्यंत वाचली, त्यांचे ओठ हलत होते.

"चाय थंड जाता," ते म्हणाले, आणि आत गेले.

पुढच्या सभेत आभाराचा ठराव झाला. सर्वेशला शाल आणि नारळ. बाबांचं अभिनंदन, समयोचित गाऱ्हाण्याबद्दल. हे इतिवृत्त बाईंनीच टाइप केलं, त्यात एकही चूक नाही. स्वतःचं नाव त्यांनी घातलं नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "ह्यांच्या कागदार माझा नाव कित्याक? माझो कागद येगळो आसा."

यादीच्या आता तीन प्रती आहेत, त्यातली एक माझ्याकडे. डबा बाबांकडून पुढच्या घरी गेला, तिथून त्याच्या पुढच्या. ड्रायव्हर योग्य तो बसवला आहे. नावं सहाशे तीस झाली.

पण बाईंचं समाधान झालेलं नाही. पाचही मानकऱ्यांना त्यांनी एकेकटं गाठून एकच प्रश्न विचारला : हात वर केला तेव्हा काय पुसलं जाणार ते माहीत होतं का? चौघांनी उत्तरं दिली. एक म्हणाला, यादी म्हणजे पावत्यांची असं वाटलं. दुसरा म्हणाला, सगळ्यांनी केला म्हणून मी हात वर केला. तिसरा आळसच देत होता. चौथ्याने चक्क कबूल केलं की त्याला नक्की काय पुसणार ते कळलंच नव्हतं. बाईंनी चौघांनाही अडाणी म्हणून सोडून दिलं. अडाण्यांवर राग धरून काय करायचं, असं त्या म्हणतात, आणि मग तासभर राग धरून बोलतात.

पाचवा राहिलाय. तो बाईंना लांबून बघितलं की वाट बदलतो. देवळात, किराणा दुकानात, एस्टीच्या थांब्यावर, जिथे सापडेल तिथे बाई त्याला विचारतात. बाईंचं म्हणणं, उत्तर कुठलंही असू दे, पण ते हवं. नाही म्हणाला तर पाचवा अडाणी. हो म्हणाला तर त्या दिवशी पडवीत जे घडणार होतं त्याला फॉरमॅट म्हणत नाहीत.

परवा शिमग्याच्या होळीपाशी त्यांनी पुन्हा गाठलं. आजूबाजूला माणसं होती. बाईंनी आवाज खाली केला नाही.

"बाबानू, तुमी हात वर केलास तेव्हा, शेवंतीचा नाव त्या यादीत आसा, ह्या तुमका म्हायत होता काय नाय?"